डोंगरावर भूत दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं? चकवा, इंद्रवज्र आणि मागून येणारी पावलं, सोप्या भाषेत

पाऊस सुरू झाला की नाशकात दोन गोष्टी हमखास होतात, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती आलं ते बघायला लोक दुतोंड्या मारुतीपाशी जमतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या तरी डोंगराचा ‘इथे रात्री चुकूनही जाऊ नका’ टाइप व्हिडिओ फिरायला लागतो. धुक्यात एक उंच सावली, मागे रडण्याचा आवाज चिकटवलेला, खाली लिहिलेलं असतं शेवटपर्यंत बघा. डोंगर कधी हरिहर असतो, कधी अंजनेरी, कधी साल्हेरच्या बाजूचा एखादा सुळका, आणि गंमत म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तोच व्हिडिओ साताऱ्याच्या नावाने येतो.

मग ग्रुपवर भांडण. एक पार्टी म्हणते सगळं थोतांड, दुसरी म्हणते आमच्या मामाला स्वतःला लागला होता चकवा, रात्रभर एकाच झाडाभोवती फिरत होता. मला दोन्ही पार्ट्यांचं अर्धं अर्धंच पटतं. भूत नाही हे माझं मत पक्कं आहे, पण मामा खोटं बोलत नाहीये, तो खरंच फिरत होता, आणि त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी फिरलोच असतो. डोंगरावर माणसाला जे दिसतं, ऐकू येतं, जाणवतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर शास्त्रज्ञांनी पद्धतशीर प्रयोग केलेत आणि ते भुताच्या गोष्टीपेक्षा कमी मजेशीर नाहीत, म्हणून हा लेख.

आधी कोणतं भूत कुठे राहतं ते बघू

आपली भुतं वाट्टेल तिथे राहत नाहीत, प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आहे. मुंजा पिंपळावर, म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेला असा मुलगा. साती आसरा पाण्यापाशी, विहीर असो, डोह असो, काठाला शेंदूर लावलेले सात दगड दिसले की समजायचं. वेताळ वेशीबाहेर नाहीतर टेकडीवर, तो भुतांचा राजाही आहे आणि काही गावांत चक्क राखणदार देवही, अमावास्येला मशाली पेटवून त्याची मिरवणूक निघते म्हणतात. हडळ एकट्या वाटेला गाठते. आणि चकवा, त्याला ना चेहरा ना उलटे पाय, तो कोणाला दिसतच नाही, फक्त माळावर किंवा रानात माणसाला गरागरा फिरवत ठेवतो.

आता हे पत्ते जरा नीट बघा. आसरा असतात तिथे पाणी खोल आणि काठ निसरडा. हडळ भेटते तिथे माणसाची वस्ती नाही, हाकेला ओ देणारं कोणी नाही. चकवा लागतो तो सपाट, एकसारख्या, खुणा नसलेल्या जागी, तोही संध्याकाळनंतर किंवा धुक्यात, गावातल्या गल्लीत भरदुपारी चकवा लागला असं मी तरी कोणाकडून ऐकलेलं नाही. म्हणजे गोष्टीतलं भूत बाजूला काढलं तरी खाली एक पत्ता, एक वेळ आणि एक सूचना उरते. रीलवाल्यांनी नेमकं हेच उलटं केलंय, पत्ता बदलला, सूचना काढून टाकली आणि फक्त किंकाळी ठेवली.

आणि सगळंच भीतीचं असतं असंही नाही. कळवण, सुरगाणा, बागलाणकडच्या आदिवासी पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, पावरीच्या सुरावर रात्र रात्र नाच चालतो, तिथे डोंगर म्हणजे घाबरायची जागाच नाही, तो देव आहे. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य. आपल्या नाशिक शहरात धुळवडीला वीर निघतात, घराण्यातल्या गेलेल्या माणसांचे टाक वाजतगाजत गंगेवर नेतात. शहरातला माणूस डोंगराकडे बघून जितका घाबरतो तितका डोंगरातला माणूस घाबरत नाही, हे माझं निरीक्षण, पटलं तर घ्या.

चकवा: माणूस सरळ चालूच शकत नाही

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात चकवा सगळ्यात भारी. आपल्याला वाटतं नाकासमोर चालत राहिलं की माणूस सरळ जातो. नाही जात. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन आणि त्यांच्या टीमने हे तपासलं. लोकांच्या अंगावर जीपीएस लावलं, जर्मनीतल्या एका मोठ्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, कित्येक तास फक्त सरळ चालायचं, बाकी काही नाही. ज्यांच्या डोक्यावर ऊन होतं ते बऱ्यापैकी सरळ गेले. ज्या दिवशी ढग होते त्या दिवशी लोक गोल गोल फिरले, स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्तासुद्धा नव्हता. ट्युनिशियाच्या वाळवंटात एक जण रात्री चालला, चंद्र होता तोवर सरळ, चंद्र दिसेनासा झाला तसा तो वळत वळत आला तिकडेच तोंड करून चालायला लागला. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावलं तर काही लोकांचं वर्तुळ वीस मीटरपेक्षाही लहान झालं, म्हणजे एखाद्या बंगल्याच्या प्लॉटभोवती फेऱ्या मारल्यासारखंच, आणि तो मनात म्हणतोय आपण त्र्यंबकच्या दिशेने निघालोय!

असं का होतं? लोक पूर्वी सांगायचे की एक पाय जरा लांब असतो म्हणून. पण तसं असतं तर माणूस दरवेळी एकाच बाजूला वळला असता, प्रयोगात तोच माणूस कधी डावीकडे गेला कधी उजवीकडे. खरं कारण डोक्यात आहे. आपलं डोकं ‘सरळ’चा हिशोब किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा ठेवतं, प्रत्येक पावलाला एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीत एखाद्या पैशाची चूक. रोज संध्याकाळी वही गल्ल्याशी ताडून बघितली तर चूक तिथल्या तिथे निघते, महिनोन्महिने ताडलीच नाही तर भलताच आकडा निघतो आणि दुकानदार शपथेवर सांगतो की वही बरोबर आहे. डोंगरात गल्ला म्हणजे सूर्य, चंद्र, लांबचा सुळका, गावातला टॉवर, नदीचा आवाज, यांच्याशी डोकं सतत ताळा जुळवत असतं आणि धुकं आलं की नेमकं तेच बंद पडतं.

आता हे आपल्याकडे लावून बघा. अंजनेरीचं पठार, ब्रह्मगिरीचा माथा, पावसाळ्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. वरून ढोरवाटा. गुरं चरायला जातात त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा अगदी माणसाच्या वाटेसारख्या दिसतात पण त्या कुठेच जात नाहीत, चरायला गेलेली गाय कुठल्या गावाला पोचायचं म्हणून चालत नसते. तुम्ही एक धरता, ती विरते, दुसरी धरता, ती पहिलीला येऊन मिळते, आणि अर्ध्या तासाने समोर तोच दगड, तेच करवंदाचं जाळं. अंगावर काटा येणारच. त्यात माणूस घाबरला की भरभर चालतो, भरभर चालला की ताळा अजून कमी, आणि पठाराला कडा असतो हे धुकं सांगत नाही.

यावर जुनी माणसं उपाय काय सांगतात? चकवा लागला की जागच्या जागी बसायचं, कुठे चपला काढून उलट्या पायांत घाला म्हणतात, कुठे सदरा उलटा करा, आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. मला वाटतं चप्पल नुसतं निमित्त आहे, ती बदलायला खाली बसावं लागतं, आणि बसणं हाच खरा इलाज. वाट चुकलेल्याने थांबावं, फिरत राहू नये, हेच आजही प्रत्येक रेस्क्यूवाला सांगतो. थांबलेला माणूस शेवटच्या ओळखीच्या जागेच्या आसपास सापडतो, फिरणारा कुठेही.

“पण धुक्यात मोठी आकृती उभी होती, मी डोळ्यांनी बघितली”

बघितली असणार. आणि शक्यता ही आहे की ती तुम्हीच होता.

हे होतं असं. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ, सूर्य खाली आणि तुमच्या बरोबर पाठीमागे, आणि समोरच्या दरीत धुकं किंवा ढग भरलेला. तुमची सावली त्या ढगावर पडते. भिंतीवरची सावली एका सपाट पृष्ठभागावर असते, ढगाला मात्र खोली असते, त्यामुळे सावली लांबपर्यंत आत पसरते आणि डोळ्याला अंतराचा अंदाजच लागत नाही, जवळची सावली लांब आहे असं वाटतं, म्हणून ती राक्षसाएवढी भासते. ढग हलतो तशी ती हलते, तुम्ही स्तब्ध असलात तरीही. वर कहर म्हणजे सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं दिसतं. ढगातले पाण्याचे अगदी बारीक थेंब प्रकाश आल्या दिशेनेच परत फेकतात त्यामुळे ते तयार होतं. इंद्रधनुष्याहून हे वेगळं, आकाराने खूप लहान आणि पूर्ण गोल. दोघे शेजारी उभे असले तर प्रत्येकाला कडं फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं, दुसऱ्याच्या नाही. म्हणजे शेजाऱ्याला विचारलं ‘तुला दिसतंय का’ तर तो हो म्हणेल, पण तो स्वतःबद्दल बोलतोय!

आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात आणि त्याची प्रसिद्ध जागा म्हणजे शेजारच्या अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या या गोल रंगीत वलयाची नोंद केलेली आहे, १८३५ ची. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून तिथे हे बघायचं तर सकाळी, सूर्य पाठीशी असताना.

जर्मनीत ब्रॉकेन नावाचा ११४१ मीटरचा डोंगर आहे, तिथे तीस एप्रिलच्या रात्री चेटकिणी जमतात अशी जुनी समजूत, आणि तिथेच १७८० मध्ये योहान झिल्बरश्लाग यांनी या सावलीचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून जगभर तिला ब्रॉकेनचं भूत म्हणतात. आणि आता खरी मजा ऐका, १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावरच्या वेधशाळेत कामाला होता, त्याला ढगावरची ही कडी आणि सावल्या इतक्या आवडल्या की खाली येऊन त्याने प्रयोगशाळेत कृत्रिम ढग तयार करायचा खटाटोप सुरू केला. त्यातून निघालं क्लाउड चेंबर, म्हणजे अणूपेक्षा बारीक कणांचा मार्ग डोळ्यांना दाखवणारं यंत्र, आणि त्यासाठी विल्सनला १९२७ चं नोबेल मिळालं. आपण अशी सावली बघून व्हिडिओ फॉरवर्ड करतो, असो.

घरच्या घरी नाही पण घाटात हे करून बघता येतं. दाट धुकं असताना गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला सुरक्षित लावून हेडलाइट चालू ठेवायचा आणि त्याच्यासमोर उभं राहायचं, तुमची सावली धुक्यात समोर उभी राहते. कसारा घाटात मात्र हे धंदे करू नका, मागून ट्रक येतात.

“दिसलं काहीच नाही, पण मागे कोणीतरी चालत होतं”

हा अनुभव सगळ्यात जास्त लोकांना येतो आणि सगळ्यात कमी लोक सांगतात. याची जगातली गाजलेली केस स्कॉटलंडमधल्या बेन मॅकडुई डोंगराची. उंची १३०९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) आणि साल्हेरपेक्षाही (१५६७ मीटर) बुटका. तिथे म्हणे एक राखाडी रंगाचा प्रचंड माणूस फिरतो. ही गोष्ट गाजवणारा माणूस कोणी गावठी गप्पाड्या नव्हता, नॉर्मन कॉली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि पट्टीचा गिर्यारोहक, १८९५ मध्ये नंगा पर्बतच्या पहिल्या मोहिमेत होता. त्याने १९२५ मध्ये केर्नगॉर्म क्लबच्या सभेत उभं राहून सांगितलं की १८९१ मध्ये मी एकटाच धुक्यात त्या डोंगरावरून उतरत होतो, मागे खडीत पावलांचा आवाज, माझी तीन-चार पावलं झाली की त्याचं एक, जणू कोणीतरी लांब ढांगा टाकतंय, आणि मी जो पळत सुटलो तो चार-पाच मैल थांबलो नाही. चौतीस वर्षं त्याच्या मनात ते राहिलं होतं.

एकट्याने डोंगरात हिंडणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटणार नाही. पहिलं म्हणजे आवाज असतातच. कड्यासमोरून चालताना तुमच्याच पावलाचा प्रतिध्वनी येतो, कडा पन्नास मीटरवर असेल तर साधारण पाव सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने, बरोबर ‘मागचं पाऊल’ वाटावं इतक्या फरकाने. पोंचो पायांना घासतो, सॅकचा पट्टा करकरतो, तुम्ही थांबलात की तेही थांबतं आणि ते थांबलं म्हणून अजून भीती. रात्री करवानक नावाचा पक्षी ओरडतो तो आवाज पहिल्यांदा ऐकला तर कोणीतरी बाई रडतेय असंच वाटतं, गव्हाणी घुबडाची किंचाळी तर बोलायलाच नको.

पण आवाजाशिवायही ‘कोणीतरी आहे’ असं वाटतं, आणि याला कारण मेंदू. आपलं शरीर आत्ता कुठे आहे, हात कुठे, पाठ कुठे, याचं भान मेंदू सतत तयार करत असतो, डोळे, कान, त्वचा, तोल सगळीकडची माहिती जुळवून. ती जुळणी बिघडली की स्वतःच्याच शरीराची नोंद ‘दुसरा कोणीतरी’ म्हणून होते. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टर एका अपस्मार असलेल्या तरुणीच्या मेंदूची तपासणी करत होते, कानाच्या वर-मागच्या एका भागाला विजेचा हलका झटका दिला की तिला मागे एक सावलीसारखा माणूस जाणवायचा, ती बसली की तोही बसायचा. झटका बंद, माणूस गायब. पुढे २०१४ मध्ये तिथल्याच ओलाफ ब्लांके यांच्या टीमने धडधाकट लोकांवर प्रयोग केला, डोळ्यांवर पट्टी, समोर हाताने एक दांडा हलवायचा आणि मागे रोबो तीच हालचाल तुमच्या पाठीवर करतो. लगेच केली तर काही नाही. अर्ध्या सेकंदाचा उशीर ठेवला की लोकांना मागे कोणीतरी उभं असल्याचं वाटायला लागलं, दोघांनी तर प्रयोग थांबवा म्हणून सांगितलं. भरदिवसा, लॅबमध्ये, सगळं माहीत असताना!

मग थकलेला, भिजलेला, न जेवलेला, एकटा माणूस डोंगरात असेल तर काय. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनने १९१६ मध्ये दोन साथीदारांसोबत साऊथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ओलांडले तेव्हा तिघांनाही वाटत होतं आपण चौघं आहोत. फ्रँक स्माइदने १९३३ मध्ये एव्हरेस्टवर एकट्याने चढताना खाऊचा तुकडा मोडून शेजारच्याला द्यायला हात पुढे केला, शेजारी कोणी नव्हतं. लक्षात घ्या, या लोकांना तो सोबती घाबरवत नव्हता, उलट आधार वाटत होता. आपल्याकडेही ‘राखणदार वाट दाखवत गावापर्यंत आला’ अशा गोष्टी आहेतच. जाणीव तीच, तुम्ही लहानपणी कोणती गोष्ट ऐकलीत त्यावर ती राखणदार होते का हडळ ते ठरतं.

एक शंका लगेच येईल, एव्हरेस्टवर ऑक्सिजन कमी, आपल्या डोंगरांचं काय? बरोबर. सह्याद्रीच्या उंचीला ऑक्सिजनची तक्रार लागू होत नाही, दीड हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पंच्याऐंशी टक्के असतो, तेवढ्याने काही भास होत नाहीत. इथे कारणं साधी आहेत, थकवा, पाणी कमी पिणं, झोप न झालेली, आणि पावसात वारा लागून अंगातली ऊब जाणं.

“डोंगरावर दिवे फिरत होते, आणि आम्ही चौघांनी बघितले”

दिव्यांची यादी मोठी आहे. पहिल्या पावसात गावातली पोरं रात्री ओढ्याला खेकडे पकडायला निघतात, हातात टेंभा नाहीतर बॅटरी, लांबून बघितलं तर दिव्यांची रांग खाली-वर होत चाललीय, वेताळाची मिरवणूक म्हणायला काहीच हरकत नाही. उन्हाळ्यात वणव्याची रेघ. मेच्या शेवटी आणि जूनमध्ये भंडारदरा-घाटघर पट्ट्यात काजव्यांनी झाडंच्या झाडं लुकलुकतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात सडक्या लाकडावर उगवणारी बुरशी हिरवट चमकते. ‘दलदलीतला वायू पेटतो’ हे उत्तर मात्र लोक कुठेही चिकटवतात, उघड्या कातळावर कुठली आलीय दलदल.

पण दिवा हलत का होता? कारण पूर्ण अंधारात एकच स्थिर ठिपका बघत राहिलात तर तो आपोआप हलल्यासारखा दिसतो, आजूबाजूला तुलना करायला काही नसतं आणि डोळे तर सतत बारीक थरथरत असतात. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याच गोष्टीवर प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत न हलणारा दिवा, विचारलं किती हलला? एकेकट्याला विचारलं तर कोणी थोडासा म्हणालं कोणी खूप. एकत्र बसवून मोठ्याने सांगायला लावलं तर हळूहळू सगळ्यांचे आकडे जवळ जवळ आले, आणि नंतर परत एकट्याला विचारलं तरी तो ग्रुपचाच आकडा सांगायला लागला. कोणी खोटं बोललं नाही, कोणी ठरवून केलं नाही, दिवा तर हललाच नव्हता. त्यामुळे चौघांनी बघितलं हा चार पट पुरावा होत नाही, चौघं शेजारी बसून एकमेकांना सांगत होते एवढंच त्यातून कळतं. चौघांना वेगवेगळं नेऊन विचारलं असतं तर गोष्ट वेगळी.

“ते ठीक, पण डोंगरात चुंबकीय शक्ती असते म्हणतात”

ही विज्ञानाचा सदरा घातलेली भुतं, आणि माझा यांच्यावर जास्त राग आहे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं आणि वीज पडलेल्या कातळाजवळ होकायंत्राची सुई खरंच भरकटू शकते. पण माणसाच्या डोक्यात सुई नाही, आणि चकवा लागलेल्या मामाच्या खिशात होकायंत्र नव्हतं. मोबाइलचा जीपीएस उंच कड्याखाली चुकतो तेही यामुळे नाही, सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोचतो म्हणून.

मग इन्फ्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा अगदी खर्जातला आवाज. विक टँडी या इंजिनिअरने १९९८ मध्ये लिहिलं की लॅबमध्ये त्याला दिसलेलं ‘भूत’ एका पंख्यामुळे होतं, साधारण १९ हर्ट्झचा कंप. गोष्ट मस्त आहे, डोंगरावरच्या वाऱ्यातही असा आवाज तयार होतो, पण पुढे लंडनमध्ये खास खोली बांधून हा आवाज सोडून तपासलं तेव्हा आवाज असो नसो लोकांना विचित्र अनुभव येतच राहिले, कारण ‘इथे काहीतरी वाटू शकतं’ असं त्यांना आधीच सांगितलेलं होतं. रील बघून डोंगरावर जाणाऱ्याचं वेगळं काय होतं? आणि पिंपळ रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो म्हणून मुंजा दिसतो, हे तर सोडूनच द्या, उघड्यावरच्या झाडाच्या श्वासाने कोणी गुदमरत नाही.

“मग गोष्टी सांगायच्याच नाहीत का?”

सांगा की. लहान पोराला ‘डोहाची खोली सहा मीटर आहे’ म्हटलं तर ते काठावर जाऊन बघेल, ‘आसरा ओढून नेतात’ म्हटलं तर लांब राहील, निदान दोन पिढ्यांपूर्वी राहायचं. गोष्ट वाईट नाही, गोष्टीच्या जिवावर जे धंदे चालतात ते वाईट. डोंगरातून आलेला माणूस तापाने फणफणलाय आणि घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय, साप चावलाय आणि आधी भगताकडे नेलं, यात माणसं जातात. एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, तिथे लोककथा वगैरे काही उरत नाही, तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, भुताच्या नावाने घबराट पसरवणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हे सगळं येतं, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. शेकोटीपाशी बसून वेताळाची गोष्ट सांगणं त्यात येत नाही, निवांत राहा. साप चावला तर १०८.

“शेवटचं सांगा, अमावास्येला जायचं का नाही?”

आजीचा हा नियम मी पाळतो, कारण वेगळं. वर सौमनचा वाळवंटातला माणूस सांगितला तो चंद्र होता तोवरच सरळ गेला, अमावास्येला चंद्र नसतोच, म्हणजे ताळा जुळवायची मोठी खूण पहिल्यापासूनच गेली. पण नुसती अमावास्या टाळून उपयोग नाही, इथेच लोक फसतात. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उशिरा उगवतो, वद्य अष्टमीला तर मध्यरात्रीच्या आसपास, त्यामुळे कॅलेंडरवर अर्धा चंद्र दिसत असला तरी संध्याकाळी सातला उतरायला उशीर झालेल्या माणसाला तो शून्य कामाचा. आणि आषाढ-श्रावणात ढग एवढे असतात की पौर्णिमाही अमावास्याच समजायची, जादा सेल घ्यायचे, पायथ्याच्या गावात सांगून निघायचं आणि वाटाड्या परवडत नाही असं म्हणत असाल तर गाडीच्या पेट्रोलला किती घातले ते आठवायचं.